टेबलाखालची करंगळी

आमच्या हॉलमध्ये एकेरी कुणी खेळत नाही. खेळू देत नाहीत, असं म्हणणं जास्त खरं. वारज्यात भाजी मंडईच्या वरच्या मजल्यावर महापालिकेचा हॉल आहे. टेबल टेनिसची टेबलं दोन, आणि संध्याकाळी येणारी माणसं बाकावर मावत नाहीत इतकी. म्हणून फक्त डबल्स. नियम कुठे लिहिलेला नाही, पण नव्या माणसालाही पाच मिनिटांत कळतो. जिंकलेली जोडी खिडकीच्या बाजूला टिकून राहते, हरलेली बाकावर जाते, आणि बाकावरची पुढची जोडी उठून अलीकडच्या बाजूला उभी राहते. बाक त्या बाजूच्या मागेच भिंतीला लावलेला आहे, त्यामुळे बसलेल्यांना अलीकडच्या जोडीच्या पाठी दिसतात. पाठीवरून माणूस जितका कळतो तितका तोंडावरून कळत नाही, हे मला त्या बाकानं शिकवलं.

डबल्समध्ये चेंडू आळीपाळीनं मारायचा असतो. एकीनं मारलं की तिनं बाजूला व्हायचं, दुसरीनं आत यायचं. दोघी उजव्या हातानं खेळणाऱ्या असल्या की एकमेकींच्या पायात येतात आणि वर सॉरी म्हणत बसतात. एक डावरी असली की जागेचं भांडणच उरत नाही. म्हणून डावऱ्या माणसाला आमच्याकडे लग्नाच्या बाजारातल्या एकुलत्या एक इंजिनिअरसारखा भाव असतो. आमच्या हॉलमध्ये डावरी बाई एकच, आणि ती माझी पार्टनर होती.

ती गणिताची शिक्षिका. शाळा हडपसरला, घर वारज्यात, आणि सासरचं दुकान नाना पेठेत, सायकलच्या सुट्या भागांचं, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. घरात उर्दू, दुकानात मराठी, आणि वर्गात असं मराठी की ऐकणाऱ्यानं आपसूक ताठ बसावं. पहिल्या दिवशी तिनं माझे दोन गेम बाकावरून पाहिले आणि म्हणाली, "अहो, बॅकहँड घरी विसरलात का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या नम्रतेशेजारीच ठेवलाय." ती हसली नाही. उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढची दोनेक वर्षं आमचं अहो-जाहोच चाललं होतं. मग एकदा गेम अटीतटीचा असताना ती ओरडली, "अगं सरक ना," आणि त्यानंतर अहो कायमचं गेलं. नावानं मात्र आम्ही एकमेकींना कधी हाक मारली नाही. मी तिला पार्टनर म्हणायची, ती मला पार्टनर म्हणायची. तिच्या घरी फोन केला तरी तिचा मुलगा विचारायचा, "अम्मीच्या पार्टनर का?"

आता खुणांबद्दल सांगायला हवं. सर्व्हिस करणारीनं चेंडू बॅटवर तोलून धरायचा आणि मोकळा हात टेबलाखाली नेऊन बोटांनी दाखवायचं की सर्व्हिस कोणती येणार. समोरच्यांना ते दिसत नाही, शेजारचीला दिसतं. हे सगळेच करतात. आमच्या खुणा तीन होत्या. पहिलं बोट म्हणजे आखूड आणि कट मारलेली. मूठ म्हणजे दिसायला फिरकी, पण आत काही नाही. आणि करंगळी म्हणजे लांब, वेगाची, कोपऱ्यात. करंगळी माझी कल्पना. मी ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा पार्टनर खेळ थांबवून हसली, कारण दिवसभर वर्गातली मुलं तिला तेच बोट दाखवून बाहेर पळायची परवानगी मागत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली, "करंगळी दिसली की पळायचंच असतं."

उत्तर पायानं द्यायचं. सर्व्हिस करणारीची नजर चेंडूवर असते, तिला वळून बघता येत नाही. म्हणून शेजारचीनं बूट वाजवायचा. एकदा वाजला तर ठीक, दोनदा वाजला तर नको, दुसरी कर. पार्टनरचे दोन ठोके मी कधी डावलले नाहीत. समोरचा माणूस कुठे सरकलाय, कुणाचं मनगट सैल आहे, हे तिला आधी दिसायचं. मला ते दिसत नाही, अजूनही दिसत नाही. मी हात, ती डोळे, असं आमचं चाललं होतं.

खेळ संपला की मी तिला स्कूटरवरून घरी सोडायची आणि मग धायरीला जायची. तिच्यासाठी डिकीत एक जादा हेल्मेट ठेवलं होतं. पुण्यात स्वतःसाठी हेल्मेट घेणारा माणूसही कौतुकाचा, आणि मी दुसऱ्यासाठी घेतलं होतं. यावरून माझी भावना काय होती ते समजावं.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी दीड-दोन महिने नागपूरला गेले. नातू गोड आहे, त्याचा यात काही दोष नाही. परत आले त्याच संध्याकाळी बॅट घेऊन हॉलवर गेले. पार्टनर खिडकीच्या बाजूला खेळत होती, म्हणजे जिंकत होती. तिच्या शेजारी, जिथे मी उभी राहते त्याच फरशीवर, एक बाई उभी होती. चाळिशीची, सडपातळ, केस वर बांधलेले, उजव्या हाताची. बॅट ठेवायला वेगळी पेटी, बॅट पुसायला वेगळा स्पंज, आणि खिडकीत एका काडीवर लावलेला मोबाइल, जो त्यांचा खेळ चित्रित करत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी तोवर पाहिला नव्हता. तो स्पंज घेऊन येतो, हे तेव्हा कळलं.

पार्टनरनं मला पाहून बॅट वर केली. "आलीस? नातू कसा आहे?" मी म्हटलं, "छान." तिनं लगेच सर्व्हिस केली. मी बाकावर बसले.

मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण नवीन बाई हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला निघाली आणि राहायला वारज्यातल्या नव्या टॉवरात. म्हणजे पार्टनरच्या शाळेपासून पार्टनरच्या घरापर्यंत तिची गाडी रोज रिकामी धावत होती, तिच्यात आता पार्टनर बसू लागली. दोन बस बदलून यायचा तिचा त्रास वाचला. हे चांगलंच झालं, असं मी तोंडानं म्हटलं. पोटात काय झालं ते वेगळं. संध्याकाळच्या वाहतुकीत हडपसरहून वारज्याला यायला किती वेळ लागतो हे पुण्यात कुणाला सांगायला नको. तेवढा वेळ त्या दोघी बंद काचांच्या आत शेजारी शेजारी बसून बोलत असणार. माझ्या वाट्याला स्कूटरवरची पाच मिनिटं होती, तीही हेल्मेटच्या आतून, आणि आता तीही गेली, कारण गाडी थेट तिच्या दाराशी जात होती. जादा हेल्मेट डिकीत तसंच पडून राहिलं. भाजीची पिशवी ठेवायला अडचण व्हायची तरी मी ते काढलं नाही.

घरी मी बोलत राहायची. नवीन बाईचा टॉपस्पिन कसा दिखाऊ आहे, पाय कसे हलत नाहीत. नवऱ्यानं तीन-चार दिवस ऐकून घेतलं. मग वर्तमानपत्राआडून म्हणाला, "तुला एवढा जळफळाट माझ्यावरून कधी झाला नाही." मी म्हटलं, "तुझ्या शेजारी उभं राहायला कोण रांगेत आहे?" त्यानं वर्तमानपत्र उलटलं. पण माणूस खरं बोलला होता.

कारण जळत मी होतेच. त्याला दुसरं गोड नाव द्यायची माझी इच्छा नाही. नवीन बाई चांगली खेळायची, याचा मला राग होता. ती स्वभावानं वाईट असती तर निदान सोय झाली असती, पण ती सगळ्यांना पाणी विचारायची आणि मला अदबीनं म्हणायची, "ताई, तुमची ती फास्ट सर्व्हिस ऑसम आहे, मला शिकवाल का, प्लीज?" मी म्हटलं, "ती शिकवून येत नाही." येते. अर्ध्या तासात येते.

एका संध्याकाळी गेम संपल्यावर पार्टनर घाम पुसत, डोळ्यांवर रुमाल असतानाच म्हणाली, "पार्टनर, पाणी दे." मी बाकावरून बाटली पुढे केली. त्याच क्षणी नवीन बाईनंही केली. पार्टनरनं रुमाल खाली घेतला, दोन बाटल्या पाहिल्या आणि जवळची घेतली. जवळची नवीन बाईची होती. जवळ होती म्हणून घेतली, हे मलाही दिसत होतं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि उंधियू होता.

पण खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. त्या दोघी त्या दिवशी अलीकडच्या बाजूला खेळत होत्या आणि मी नेमकी त्यांच्या मागे बाकावर बसले होते. सर्व्हिस पार्टनरची. तिनं चेंडू बॅटवर धरला, मोकळा हात टेबलाखाली नेला आणि करंगळी बाहेर काढली. नवीन बाईनं मान हलवली. सर्व्हिस लांब गेली, कोपऱ्यात, समोरचे बघत राहिले. मग नवीन बाईची पाळी आली, तर तिनंही तेच. टेबलाखाली माझी करंगळी, नखाला फिकट गुलाबी रंग लावलेली. दाखवून ती पार्टनरकडे वळली आणि चक्क तोंडानं विचारलं, "ओके?" पार्टनर म्हणाली, "हं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारची माझी जागा तिला दिली होती, ते मी गिळलं होतं. पाणी गिळलं होतं. पण ही करंगळी मी शोधली होती. तिच्यावर आम्ही हसलो होतो. आणि ती आता अशा बाईच्या हातावर होती जिला ती करंगळीच का, हे माहीतही नव्हतं.

जिन्यात मी पार्टनरला गाठलं. नवीन बाई गाडी काढायला पुढे गेली होती.

"आपल्या खुणा तिला दिल्यास?" मी विचारलं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "नवी बोटं कुठून आणू? माझ्या हाताला सवय तीच आहे."

"करंगळी माझी होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वर्गात एखाद्या मुलानं उत्तर बरोबर पण पद्धत चुकीची लिहिली की बघत असेल तसं. "पार्टनर," ती म्हणाली, "तू दोन महिने नव्हतीस. मी काय बाकावर बसून राहायचं होतं?" खालून हॉर्न वाजला आणि ती उतरून गेली. बसून राहायचं होतं, असंच मला म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही एवढीच माझी सभ्यता.

आमच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात आसपासच्या हॉलांची मिळून एक लहानशी स्पर्धा होते. महिला दुहेरीत पार्टनर आणि मी दरवर्षी उतरायचो आणि दरवर्षी उपांत्य सामन्यात हरायचो. जोडी कुणाशी हा प्रश्नच नसायचा. या वेळी ती बाकावर बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, "मी तिच्याबरोबर नाव दिलंय."

"का?"

"तिनं विचारलं. तू विचारलं नाहीस."

"मी कधी विचारलंय?"

"तेच," ती म्हणाली आणि नाडी आवळली.

मी एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर नाव दिलं. तरुण, भिडस्त मुलगी, उजव्या हाताची. आम्ही पहिल्याच दिवशी तीन वेळा धडकलो आणि तिन्ही वेळा ती "सॉरी काकू" म्हणाली. खुणा शिकवायला गेले तर म्हणाली, "काकू, माझ्या नाही लक्षात राहत. तुम्ही करा हवी तशी, मी बघून घेईन." ती बघून घ्यायची नाही, पण गोड होती. तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

नशीब असं की दुसऱ्याच फेरीत आमची गाठ त्यांच्याशी पडली. मला आनंद झाला. मी मनात म्हटलं, तिच्या प्रत्येक सर्व्हिसची मला जन्मकुंडली माहीत आहे, आता दाखवतेच. डबल्समध्ये कोण कुणाला सर्व्हिस करणार ते सुरुवातीलाच ठरतं, आणि आमचं असं ठरलं की पार्टनर मला करणार. मी टेबलाच्या पलीकडे वाकून उभी राहिले. तिनं चेंडू उंच टाकला, बॅट फिरली, आणि मला काहीच कळलं नाही. चेंडू माझ्या बॅटला लागून भलतीकडे गेला. दुसराही गेला.

तेव्हा ध्यानात आलं की तिची सर्व्हिस मी समोरून कधी घेतलेलीच नाही. इतकी वर्षं मी ती शेजारून पाहिली होती, टेबलाखालचं बोट बघून. आता बोट टेबलाच्या पलीकडे होतं. समोरून दिसत होती फक्त एक डावरी, करड्या केसांची, अत्यंत कसलेली बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काहीही नव्हतं. समोरच्यासाठी ती कधी काही ठेवत नाही. ते आजवर लोकांनी भोगलं होतं, आता मी भोगत होते. आम्ही तिन्ही गेम हरलो. हात मिळवताना ती म्हणाली, "बॅकहँड सुधारलाय." मी म्हटलं, "घरी विसरायचं सोडलंय." तेवढ्यानंही माझे डोळे भरून आले, म्हणून मी बाटली शोधायला वाकले.

त्या दोघी अंतिम सामन्यात हरल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि लोकांना वाटलं मी दिलदार आहे. पार्टनर आणि मी तर अंतिम सामन्यापर्यंत कधी पोचलोच नव्हतो, हे स्कूटर सुरू करताना आठवलं, आणि मग तेवढंही बरं वाटेना.

त्यानंतरचा सोमवार. हॉलमध्ये नेहमीची गर्दी. खिडकीच्या बाजूला दोन निवृत्त गृहस्थ केव्हाचे टिकून होते, आणि डॉक्टरीण आणि मी अलीकडच्या बाजूला होतो. पुढचा नंबर पार्टनर आणि नवीन बाईचा, म्हणून त्या आमच्या मागे बाकावर बसल्या होत्या. मी वळून बघितलं नव्हतं, पण कोण कुठे बसलंय ते मला पाठीला कळत होतं.

गुण दहा-दहा. आता प्रत्येकानं एकेकच सर्व्हिस करायची असते, आणि पाळी माझी होती. मी चेंडू बॅटवर धरला, आणि डावा हात सवयीनं टेबलाखाली गेला. करंगळी बाहेर आली. डॉक्टरीण समोर बघत होती, तिला त्याचं काही नव्हतं. मी हात परत घेणार, एवढ्यात मागून बूट वाजला.

दोनदा.

माझा हात तिथेच थांबला. मी मान वर केली. समोरचे गृहस्थ टेबलापासून चांगले पाऊलभर मागे सरकून लांब सर्व्हिसचीच वाट बघत उभे होते. मला ते दिसलं नव्हतं. मी करंगळी मिटली आणि पहिलं बोट दाखवलं.

बूट एकदा वाजला.

मी आखूड टाकली, जाळीच्या अगदी जवळ. गृहस्थ धावले, पोचले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, "वा काकू!"

मागे नवीन बाईचा आवाज आला. "काय झालं, मॅम? पाय दुखतोय का?"

"काही नाही," पार्टनर म्हणाली. "मुंग्या आल्यात."

सर्व्हिस समोर गेली, गुणही गेला, पुन्हा बरोबरी झाली. मग डॉक्टरणीची पाळी, मग त्यांची, आणि फिरून चेंडू माझ्याकडे आला. मी तो बॅटवर ठेवला, हात टेबलाखाली नेला, मूठ केली आणि थांबले. समोरचे दोघं बघत होते. डॉक्टरीण कुजबुजली, "काकू, करा ना."

मी केली नाही. मागून बूट वाजायची वाट बघत राहिले.